धूर निम्मा झाला पाहिजे

४ जानेवारी
आजपासून कारखान्याचा ऊर्जा बचत प्रमुख मीच. स्वतंत्र खोली, खिडकीसमोरच चिमणी. साहेब म्हणाले, महिनाअखेर तपासणी आहे, तोवर धूर निम्मा झाला पाहिजे. पुठ्ठ्याचे खोके बनवता बनवता पृथ्वी वाचवायची! मला हे जमणारच.

७ जानेवारी
बॉयलरच्या खोलीची पाहणी. झरोके सताड उघडे, सगळी उष्णता बाहेर. पत्रे ठोकून बंद करवले. माझा मेहुणा तिथेच कामाला (मीच चिकटवला). म्हणाला, भावोजी, गुदमरायला होतं. ऐन थंडीत उबेची तक्रार!

१२ जानेवारी
धूर चिमणीत ओढणारा पंखा उगाच जोरात फिरतो. वेग निम्मा केला. वीज वाचली, शिवाय दुपारपर्यंत चिमणीचा धूर विरळ. सगळ्यांना माझ्यातर्फे चहा. मेहुणा आला नाही. डोकं दुखतंय म्हणे.

१३ जानेवारी, सकाळ
बॉयलरच्या खोलीतला विषारी वायूचा अलार्म सारखा कोकलतोय. बिघडला असणार. सेल फुकट जातात, म्हणून काढून घेतले. थेंबे थेंबे तळे साचे.

संध्याकाळ
त्यातला एक सेल घरच्या घड्याळात घातला. कित्येक महिने ते सव्वाचारलाच अडकलं होतं. बायको म्हणाली, एक तरी काम धड केलंत.

१९ जानेवारी
बायकोची भुणभुण. भाऊ जेवायला आला तर ओकला, बसल्या बसल्या झोपतो, डॉक्टरकडे न्या. माहेरचं कौतुक! आम्ही तापात ऑफिसला जायचो, तेव्हा कुणी विचारलं नाही. तरी सोमवारी नेणार. नक्की.

२४ जानेवारी
सोमवार राहिला. अहवाल लिहीत होतो. आज बॉयलरच्या खोलीत जाऊन आलो, माझंही डोकं जड झालं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. मेहुणा भिंतीला टेकून डुलक्या घेत होता. हाक मारली तर मला ओळखायला त्याला वेळ लागला. मला! सगळ्यांदेखत झापला. नंतर वाईट वाटलं. तपासणी झाली की त्याला आठवडाभर रजा देणार.

२५ जानेवारी
साहेबांनी माझ्या खिडकीतून चिमणी बघितली, पाठ थोपटली. मग धूर गेला तरी कुठे, असं हसत विचारलं. मीही हसलो.

२७ जानेवारी
मेहुणा बॉयलरपाशी पडलेला सापडला. गाल इतके लाल की मला वाटलं, तब्येत सुधारली. अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर म्हणतात, बाहेर जायचा धूर आतच कोंडला. साहेबांनी विचारलं, अलार्म कसा वाजला नाही? याची कसून चौकशी झाली पाहिजे, असं मी ठणकावून सांगितलं. बोलताना मात्र अलार्मऐवजी दोनदा घड्याळ म्हणालो. उपाशीपोटी होतं असं.

२९ जानेवारी
कारखान्याला टाळं. चिमणी स्वच्छ, धुराचा ठिपकाही नाही.

बायको दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आली. दोन दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. मेहुण्याला पाचलाच भेटू देतात, वेळ चुकायला नको. भिंतीकडे बघून म्हणाली, घड्याळ बरोबर आहे ना? बरोबर आहे म्हटलं. सेल चांगला आहे.