मागच्या काचेवरचा हात

मंगळवार, धानकापणीचे दिवस. संध्याकाळ.

दवाखान्यासमोर गाडी सुरू ठेवून स्टेअरिंगवरच लिहितोय. आत जायची हिंमत नाही. मागच्या काचेवर दादाच्या रक्ताळलेल्या हाताचा ठसा आहे. पुसायला उतरलो होतो, जमलं नाही.

सख्ख्या मोठ्या भावाच्या डोक्यात मी पाना घातला. मीच.

केशोरीचा एक माणूस आमच्या खळ्यावर आला होता. त्याला माझ्या गाडीसारखीच जुनी सात सीटर घ्यायची होती, म्हणून गाडी कशी आहे ते विचारत होता. मी छाती फुगवून सांगितलं, तेरा वर्षांची आहे, पण एकदाही दगा दिला नाही. दादा धानाचं पुंजणं रचता रचता हसला.

"खोटं कायले बोलून राहिला? रोज सकाळी मी धक्का मारतो, तवा सुरू होते ते."

परक्यासमोर बोलला म्हणून डोकं फिरलं? की खरं बोलला म्हणून? चाकाचा पाना हाताशीच होता.

रक्त बघून तो माणूस मोटारसायकलवर पळाला. उरलो दोघंच. चावी फिरवली, गाडी ढिम्म. दादाला गाडी चालवता येत नाही. एका हातानं डोक्यावर दुपट्टा दाबत तो उठला, मागे गेला, दुसरा हात काचेवर टेकवला आणि उतारावर गाडी ढकलली. मी रडत क्लच सोडला.

इथं पोचल्यावर तो आपला आपणच उतरला. खिडकीशी वाकून म्हणाला, "इंजन बंद नोको करू. आज आता धक्का मारनं नाही होत मायानं."