चांदीची डबी

पेडगाव,
ता. २१ जानेवारी २०२५

चि. सौ. शिवरंजनीस,

आईचे अनेक आशीर्वाद. चार वर्षांनी लिहितेय. तुझ्या मैत्रिणीकडून, त्रिवेणीकडून तुझा पत्ता मिळाला, नंबरही मिळाला. पण फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्याच्यानं बोलवणार नाही, म्हणून पत्र.

इकडं सगळं बरं आहे. अप्पांचे गुडघे थंडीत कुरकुरतात, तरी सोनारकीचं दुकान काही बंद ठेवत नाहीत.

आणि तुझ्या आईनं हैदराबाद पाहिलं बरं का! आमच्या बचत गटाची तीन दिवसांची सहल होती. चारमिनार बघून बघून मान अवघडली. लाड बाजारात बांगड्यांचा एवढा लखलखाट, की रेणुका घ्यायचं विसरून नुसती बघतच राहिली. रिक्षावाल्याशी मी आपल्या परभणीच्या बाजारातली हिंदी बोलले, तर म्हणाला, "अम्मा, तुम तो यहींच के लगते." दिवसभर मी फुगून होते. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर मात्र फजिती झाली. दैवशाला मागून ओरडली, "पाय उचला की वो काकू, माणसं खोळंबायलेत!"

गोवळकोंड्याला खाली दरवाजात टाळी वाजवली की थेट माथ्यावर ऐकू येते. मी वर उभी होते. तू याच शहरात, अन् चार वर्षांत हाक नाही; ती टाळी ऐकून मला रडूच आलं. बायकांना वाटलं, चढून दमले.

रंजू, तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाय दुखतात म्हणून मागं राहिले आणि रिक्षानं तुझ्या गल्लीत आले. समोरच्या शिंप्याच्या पायरीवर बसले. तुझी खिडकी उघडी होती. कपाळाला विभूती लावून, आपल्या रीतीनं डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन तू पूजेला बसली होतीस; शेजारी त्याचं कापड सोडून ठेवलेलं. बाहेर तुमच्या दाराच्या पायरीवर धम्मपाल लेकराला खांद्यावर घेऊन उभे होते. दूधवाला हाक मारणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं.

धम्मपालांशी लग्न करायला तू घर सोडून गेलीस तेव्हा देव्हाऱ्यात लिंगाची चांदीची डबी रिकामी सापडली. अप्पांनी ठरवून टाकलं, पोरीनं लिंग कुठंतरी पाण्यात सोडलं. डबी त्यांनी घडवलेली म्हणून तू ठेवलीस आणि लिंग कापडात बांधून नेलंस, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा.

पूजेत हाक मारू नये म्हणून थांबले. पण खरं सांगते, पूजा झाल्यावरही मारली नाही. धीरच झाला नाही, तशीच परतले. माफ कर.

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. जेवता जेवता त्यांचा हात थांबला.

"डाव्या हातावरच हुतं न्हवं?" एवढंच विचारलं.

मी हो म्हणाले. तसे ते उठले, देव्हाऱ्यातून डबी काढली आणि विभूती घेऊन घासत बसले. म्हणाले, "कापडात किती दिवस ठिवल ती? पाठवून दे. अन् लिही, शिवरात्रीला तिघंबी या म्हणावं."

तीच डबी सोबत आहे. पुडक्याचा वरचा कागद घाईत फाडला असशील, तर तुकडे जुळवून बघ. तुझं नाव अप्पांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय.

तुमच्या तिघांची वाट बघणारी,
तुझी आई, उमादेवी