अंगठा दोनदा, सिम एकच

मस्कत, गुरुवार, संध्याकाळ

आज सिम घेतलं. दुकानदारानं मशीनवर अंगठा दोनदा घेतला, सिम मातर एकच दिलं. मंग दुसऱ्या अंगठ्याचं सिम कुणाकडं गेलं? दुकान दाखवलं माझ्या खोलीतल्या बळीरामनं. तो मानवतचा, आपल्याच जिल्ह्यातला, म्हणून तिथं मी तोंड उघडलं न्हाई. खोलीवर आल्यावर विचारलं तर हसला. "सिमेंटनं घासलेला अंगठा तुझा, मशीन काय वळखंल, पाटील?"

खरंबी असंल. पण पहिल्याच वेळी हिरवी लाईट लागलेली मी पाहिली. त्या सिमवर कुणी कुणाला फसवलं तर पोलीस मलाच उचलतेत.

त्याला म्हणलं, उद्या सिमकंपनीच्या मोठ्या दुकानात चल, माझ्या नावावर किती सिम हायेत ते विचारू. म्हणला, "मला काम हाय."

दर शुक्रवारी सुट्टीला दुपारपर्यंत झोपणाऱ्याला उद्याच काम निघालं. एकलाच जातो.