तळ उठवणे

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजी जाऊन वर्ष होत आलं, तरी तू एकटीच कापड रंगवायची रंगशाळा ओढते आहेस. इकडे येऊन राहा म्हटलं की कानाडोळा करतेस, म्हणून आज कामाचंच विचारतो. आमच्या कोशात 'रॉइल' हे इंग्रजी क्रियापद घशात अडकलंय. तळाचा गाळ वर आणून पाणी गढूळ करणं, असा त्याचा अर्थ. कुणी डिवचून मन गढूळ केलं तरी हेच वापरतात. संपादक म्हणतात, 'ढवळणे' लिहा आणि मोकळे व्हा. पण ढवळतो तर आपण चहासुद्धा! तुझा जन्म निळीच्या पिंपापाशी गेलाय, तूच सांग.

लोभ आहेच, रागही थोडा असू दे.
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या संपादकांना धाड इकडे, एका दिवसात फरक कळेल. आम्ही 'तळ उठवणे' म्हणतो, आणि आमच्यात ते पापच. पिंप निवळल्यावरच कापड बुडवायचं, नाहीतर डाग पडलेच म्हणून समज.

आता विचारलंसच तर सांगते, हसू नकोस. माझं पिंप सकाळी नितळ असतं. जेवून मी दाराला आतून कडी घालून जरा पडते, आणि उठून बघते तर तळ वर आलेला. फेसाचा भोवरासुद्धा उलटा. तसा भोवरा एकाच हाताचा पडायचा. तुझे भावोजी डावरे होते ना? बरंच कापड वाया गेलं. असंच चाललं तर गिऱ्हाईक टिकायचं नाही, आणि रंगशाळा सोडून मी जगायची नाही. भीती वाटते रे. एकदा येऊन जा.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. त्या दुपारी मी कपाटाआड बसलो होतो. कुणी आलं नाही. तूच उठलीस, डोळे मिटलेले. कोपऱ्यातला भावोजींचा दांडा घेतलास आणि सराईतासारखा तळ उठवलास. ज्या डाव्या हाताने तुला पळी धरता येत नाही, त्या हाताने. मग जाऊन झोपलीस. दुःख माणसाला असं करायला लावतं, असं डॉक्टर म्हणाले. घाबरू नकोस. दांडा मी तुला न विचारता सामानाला बांधून आणलाय, माझ्या टेबलाशी उभा आहे. तू नवा करून घे.

रागावलीस तरी पत्र धाड.
धाकटा

१८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

'तळ उठवणे' कोशात गेलं! संपादक हरले. बाकी क्षेम. सौ. तेवढी कुरकुरते, की दुपारी माझी डुलकी झाली की माठातलं पाणी गढूळ होतं. नळालाच गाळ येत असेल. तुझं पिंप कसं आहे?

तुझा शब्दवेडा,
धाकटा

२३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पिंप नितळ आहे. कापड इतकं सुरेख उतरतंय की जुनं गिऱ्हाईक परत आलं. मी खुशीत होते. मग तुझं पत्र उघडलं. डावीकडे कललेलं, वर चढत जाणारं ते अक्षर तुझं नाही रे. संसारभर मी ते अक्षर पाहिलंय. लिहिताना तुला काहीच कळलं नाही?

दांडा घेऊन ताबडतोब निघ. परक्या घरात ते बावरतात, आणि तू माझा एकुलता एक भाऊ आहेस. इथे मी निभावून नेईन. कापड सकाळीच बुडवून घेत जाईन. दुपार त्यांची.

निघण्याआधी दोन ओळी टाक. उजव्या हाताने.

वाट पाहणारी,
ताई