पाचव्या शर्यतीतला सात नंबर

१० फेब्रुवारी, सोमवार

पायसने आज घोड्यांचं नाव काढलं. अकरा वर्षांनी.

फोनवर आधी खोकला, मग नेहमीचं, "काय मास्तर, जिता हाय ना?" मी कधीच मास्तर नव्हतो. वागळे इस्टेटच्या कारखान्यात तो लेथवर, मी स्टोअरमध्ये. डबा खाताना शाळेतल्या कविता म्हणायची माझी खोड, त्यावरून त्याने ठेवलेलं नाव. ते चिकटलं.

रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर फादरने त्याला चार शब्द बोलायला सांगितलंय — देवाने आपल्याला रेसमधून कसं सोडवलं ते. "तू फुडच्या बाकावर बसायचं. मी हात केला की उठायचं न बोलायचं, खिडकीवर मी होतो, पायस सांगतो ते खरं हाय. साक्षीदार पायजे ना रं."

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

११ फेब्रुवारी

लिहून टाकतो. निदान इथे.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी महालक्ष्मीला जॅकपॉट होता. लागोपाठ पाच शर्यती, पाचही विजेते आधीच एका तिकिटावर सांगायचे. पायस आठवडाभर अभ्यास करायचा — घोड्यावरचं वजन, अंतर, सकाळच्या सरावाची वेळ. निवड त्याची, तिकिटाच्या खिडकीवर जायचा मी. रांगेत त्याला दम धरवत नसे.

त्याने पाच आकडे लिहून दिले. पाचव्या शर्यतीत तीन नंबर, ब्रास बँड. आणि त्याच शर्यतीत सात नंबरला होती सांजतारा. एका घोडीला कुणीतरी असं नाव ठेवावं, आणि आपण ब्रास बँडवर बोट ठेवावं? रांग पुढे सरकत होती. मला शाळेची खिडकी आठवत होती, बाईंचा आवाज, संध्याकाळच्या कुठल्याशा कवितेची चाल. खिडकीतल्या पोराने विचारलं, पाचवा कुठला? मी सात म्हणालो. माझ्या तोंडाने, स्पष्ट.

पहिल्या चार शर्यती पायसने सांगितल्या तशा लागल्या. पाचवीत ब्रास बँड मानेच्या फरकाने पुढे. सांजतारा शेवटून दुसरी. पायसने कुणा अनोळखी माणसाला मिठी मारली. मग माझ्या हातातलं तिकीट घेतलं.

मी म्हणालो, "पोराने चुकीचं बटण दाबलं वाटतं."

भांडला नाही. तिकीट उलटसुलट बघत राहिला. शेवटी म्हणाला, "नाय मास्तर. त्या पोराचा हात नाय हा. वरून कोनतरी सांगतंय, बस आता."

त्या दिवसापासून त्याची रेस बंद. दारूही बंद.

१२ फेब्रुवारी

सून म्हणाली, "बाबा, पैसे लावायचे नाहीत तर घोडे कशाला तपासता? परीक्षेला न बसता अभ्यास." संचिताचं बोलणं असं, पण चहा वेळेवर देते.

खरंय तिचं. त्या दिवसानंतर मीही कधी लावलं नाही. पण दर आठवड्याचं शर्यतींचं कार्ड बघतो, आपली निवड कागदावर लिहितो — आणि पायसच्या पद्धतीने. घोड्याच्या नावावर पट्टी ठेवतो. फक्त आकडे वाचतो. शिक्षा म्हणून सुरू केलं, आता सवय झाली. गंमत म्हणजे निवड पूर्वीपेक्षा बरी येते.

१३ फेब्रुवारी

सांगून टाकायचं ठरवून पायसकडे बाळकुमला गेलो. डोंबिवलीच्या घरून दीड तास. पायसच्या भाताच्या खाचरावर आता बावीस मजले आहेत, त्यातल्या चौथ्यावर तो राहतो. घरी नव्हता, चर्चच्या खुर्च्या मोजायला गेला होता. त्याची बायको बिट्रिस होती. तिने फुगे, त्यांच्याकडचे मैद्याचे फुगलेले गोळे, तळले होते, चार पुढ्यात ठेवले आणि खाईपर्यंत उठू दिलं नाही.

"रविवारी सदरा इस्त्रीचा घाला भाऊजी. नायतर मागच्या वेळेसारखं झब्ब्यात याल, कवी."

मग हात पुसत समोर बसली. "जोॲनच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला हा घोड्यांत होता. पोरगी फोटोत एकटीच हाय माझ्याबरोबर. आता तिच्या पोराला हाच शाळेत सोडतो." पुढे म्हणाली, "त्या खिडकीवाल्या पोरासाठी मी रोज रोझरीत एक प्रार्थना जास्त म्हणते. नाव माहीत नाय. पण देवाला माहीत असंल."

उरलेला फुगा कसाबसा संपवला. पाणी प्यायलो आणि निघालो.

१४ फेब्रुवारी

कार्ड आलं. सात शर्यती. पट्टी ठेवूनच बसलो.

पहिली — बाराशे मीटर, नवखी जनावरं. पाच नंबर. मंगळवारच्या सरावात शेवटचे सहाशे मीटर कुणी न हाकता छान काढलेत. दुसरीत मन लागत नाही, दोन नंबर म्हणू. तिसरीत आठ: गेल्या खेपेला वाट न मिळून अडकला होता, आता आतली जागा मिळालीय. चौथी सोडून द्यावी, सगळे सारखेच आळशी. पाचवी आणि सातवीत फार शंका नाही, चार आणि सहा. मोठी शर्यत सहावी, चोवीसशे मीटर. तिथे एक नंबर. साठ किलो वजन आहे, पण लांब पल्ल्याचा घोडा आहे, धीराचा.

लिहून झाल्यावर पट्टी उचलली. एक नंबरचं नाव लास्ट बेंच. बरं वाटलं.

घोडे वळणावरून सरळ पट्ट्यात येतात तेव्हाचा टापांचा आवाज अजून कानात आहे. लघु, गुरू, गुरू. यमाचा यमाचा यमाचा यमाचा. भुजंगप्रयात. बाई टेबलावर डस्टर आपटून शिकवायच्या तो.

पण चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलायचं? देव माझा नसला म्हणून काय झालं, घर त्याचं आहे.

न सांगावं तर पायसला माझ्या खोट्यावर उभा करतो. सांगावं तर त्याच्या पायाखालचं काढून घेतो. दोन्ही बाजूंनी मीच.

१५ फेब्रुवारी

सांगितलं.

पायसच्या इमारतीच्या मागे तळ्याकाठी बसलो होतो. पायसने सगळं ऐकून घेतलं. मग,

"सात तू सांगितलं?"

"हो."

"का रं?"

"नाव आवडलं."

हसला नाही. चिडलाही नाही. तळ्यात बघत म्हणाला, "म्हंजे वरून कोन नव्हतं."

म्हणालो, "दारू तू सोडलीस पायस, ती तर तूच सोडलीस."

"हां," म्हणाला. माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस मास्तर. मनात ठेवून मेला असतास." मग एकदम, पूर्वीच्या आवाजात, "उद्याचं काढलंस का काय?"

मी खिशातून कागद काढला. त्याने नाकाशी धरून वाचला. "सहावीत एक नंबर? साठ किलो घेऊन चोवीसशे? येडा हाय का. तिथं नऊ लाव." पेन मागितलं, खोडलं, लिहिलं. जुन्यासारखे वाद घातले, अंधार पडेपर्यंत. कागद त्याने घडी करून ठेवून घेतला. उद्या तो चर्चमध्ये काय बोलेल, विचारलं नाही. त्याचं तो ठरवेल.

किती हलकं वाटतंय. अकरा वर्षांचं ओझं असं संध्याकाळी उतरावं — आणि मित्र शेजारी तसाच असावा.

१६ फेब्रुवारी, रविवार

इस्त्रीचा सदरा घालून आठच्या आत चर्चमध्ये पोचलो. बिट्रिस पुढच्या बाकावर, शेजारी दोन जागा राखलेल्या. मला बघून तिने मागे दाराकडे पाहिलं.

"तुम्ही एकटेच? पायस सहालाच निघाला की. डोंबिवलीला जातो, मास्तरला घेऊनच येतो बोलला."

कालचा कागद त्याच्याचकडे. महालक्ष्मीला पहिली शर्यत दीडला सुटते.