डाव्या हाताची भाकरी

आई, आज थेरगावच्या डायलिसिस सेंटरमध्ये बाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी एक नवीन बाई होती. तिच्या नवऱ्याचा पहिलाच दिवस, त्यामुळे दर थोड्या वेळानं उठून काचेतून आत बघायची आणि पुन्हा बसायची. माझ्या नवऱ्याला आता तिथल्या सगळ्या सिस्टर ओळखतात. तिनं मला विचारलं, तुम्ही इतक्या शांत कशा बसता हो? मी तिच्यासाठी चहा आणला आणि काय झालं कुणास ठाऊक, तिला तुझ्याबद्दल सांगत बसले. घरी आल्यावर वाटलं, परक्या बाईला जे सांगितलं ते तुला कधीच सांगितलं नाही. तू होतीस तेव्हा असं समोरासमोर बोलायची आपल्या घरात रीत नव्हती.

आपण तेव्हा चिखलीत राहायचो. दोन खोल्या, खाली वेल्डिंगचं वर्कशॉप, दिवसभर ठिणग्यांचा वास वर यायचा. तू नेवाशाकडची, पप्पाही तिकडचेच. दोघं लग्नानंतर कामासाठी इकडे आलात. तू महाळुंग्याला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायचीस आणि पप्पा तिथूनच जवळ एका छोट्या प्रेसशॉपमध्ये पत्रा दाबायच्या मशीनवर होते. रविवारी आपण तिघं चर्चला जायचो. उपासना संपल्यावर तू सगळ्यांना सलाम करत, ख्यालीखुशाली विचारत फिरायचीस आणि पप्पा बाहेर उन्हात उभे राहून हसायचे, आता हिची दुसरी उपासना सुरू झाली म्हणून.

मी नववीत असताना प्रेसनं पप्पांचा उजवा हात नेला. मनगटाच्या जरा वरून. हात आत असेल तर प्रेस खाली येऊ नये म्हणून मशीनला सेन्सर असतो. काम भराभर व्हावं म्हणून तो बंद करून ठेवला होता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढंच दिसलं की तू कँटीनच्या टोपीवरच हॉस्पिटलात आलीस. टोपी डोक्यावर आहे हे संध्याकाळपर्यंत तुझ्या लक्षातही आलं नाही, आणि मलाही तुला सांगवेना.

चौथ्या की पाचव्या दिवशी आपल्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. माणूस भला, पण अशा वेळी काय बोलावं हे कुणालाच कळत नाही. ते म्हणाले, देव ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांचीच परीक्षा घेतो. पप्पांनी मान भिंतीकडे वळवली. तू उठून पाळकसाहेबांना खुर्ची दिलीस, पाणी दिलंस, आणि मग हळू आवाजात म्हणालीस, "साहेब, देव कुणाचा हात तोडून परीक्षा घेत नाही. तो सेन्सर माणसांनी बंद केला होता. त्याचं पाप देवाच्या माथी नको." मी तर घाबरलेच. पाळकसाहेबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. पप्पांची उशी सरळ केली, त्यांच्या पायाशी बसले आणि जाताना छोटी प्रार्थना करून गेले. तुझ्या त्या एका वाक्यानं माझ्या आयुष्यात केवढी जागा मोकळी केली, आई. ज्या देवाला भ्यायचं, त्याच्याजवळ जाता येत नाही. तू त्याला आमच्यासाठी पुन्हा जवळ जाण्याजोगं केलंस.

म्हणजे तुला प्रश्नच पडत नव्हते असं नाही. पप्पा घरी आल्यावर एकदा मी तुला रागानं विचारलं होतं, तू एवढी प्रार्थना करतेस, मग त्या वेळी तुझा देव कुठं होता? तू कणीक मळत होतीस. चिडली नाहीस. रडवेली वगैरे झालीस की तुझी बोली गावाकडची व्हायची, तशीच तेव्हा झाली. "मला न्हाई म्हाईत," तू म्हणालीस. "मीबी रोज हेच इचारतेय. पण इचारते त्यालाच." एवढं बोलून कणकेला तेलाचा हात लावलास आणि मला पाण्याचा हंडा भरायला पाठवलंस. मोठ्या मोठ्या प्रवचनांतून जे मला कळलं नसतं ते तेव्हा कळलं, की श्रद्धा म्हणजे उत्तर मिळालेलं असणं नव्हे. उत्तर नसतानाही बोलणं न तोडणं.

पप्पांनी मात्र बोलणं तोडलं होतं. देवाशीही आणि आमच्याशीही. ते खाटेवर बसून राहायचे. जेवायला वाढलं की म्हणायचे भूक नाही. खरं कारण आपल्या दोघींना ठाऊक होतं. डाव्या हातानं खाताना सांडायचं, आणि बायको-मुलीसमोर सांडणं त्यांना सहन होत नव्हतं. भरवू का विचारलं तर ताट सारायचे. चर्चला यायचं तर नावच काढत नव्हते. दाढी वाढली. रात्रपाळीची माणसं खालून निघाली की खिडकीतून त्यांच्याकडे बघत बसायचे. मला त्यांची भीती वाटायला लागली होती, म्हणजे ते काही करून घेतील अशी.

मग तो रविवार. चर्चहून आल्यावर तू साडी बदललीस, परात काढलीस, ज्वारीचं पीठ घेतलंस आणि मला हाक मारलीस. पाठमोरी उभी राहून उजवा हात मागे धरलास आणि म्हणालीस, ओढणीनं बांध, घट्ट बांध. मला काही समजेना. तू म्हणालीस, बांध गं, आधण निवतंय. मी तुझा हात कमरेशी बांधला. आणि तू खाली बसून डाव्या हातानं भाकरी थापायला लागलीस.

मला ती पहिली भाकरी अजून दिसते. पीठ एका बाजूला जाड, दुसरीकडे फाटलेलं. परात सरकतेय, तू ती गुडघ्यानं अडवतेस. भाकरी उचलून तव्यावर टाकायला जातेस तर ती मधोमध दुमडते. दुसरी अर्धी तव्यावर, अर्धी स्टोव्हवर. तुझ्या कपाळावर घाम, पिठाचा हात नाकाला लागलेला. खाटेवरून पप्पा बघतायत. आधी चिडून म्हणाले, हे काय चालवलंयस. तू मान वर न करता म्हणालीस, "तुम्ही एकट्यानं शिकायचं आणि मी नुसतं बघायचं, हे मला जमणार नाही. दोघं शिकू." तिसरी भाकरी तव्यावर कशीबशी पडली, पण तिला शेपूट आलं होतं. त्या शेपटाकडे बघून पप्पा हसले. अपघातानंतर पहिल्यांदा. हसता हसता रडायला लागले आणि मग ते थांबेचनात. तू तशीच, एक हात मागे बांधलेला, जाऊन त्यांच्या शेजारी बसलीस. मी तवा उतरवला. त्या दिवशी आपण तिघंही डाव्या हातानं जेवलो. सगळ्यांचंच सांडलं, त्यामुळे कुणाचंच सांडलं नाही.

त्यानंतर कितीतरी रविवार तुझा हात बांधलेला असायचा. शर्टाची बटणं, नाडीची गाठ, कांदा चिरणं, काडी पेटवणं. काय कसं जमतं ते तू आधी करून बघायचीस आणि मग पप्पांना सांगायचीस. सकाळी पीठ चाळताना तुझी प्रार्थना ऐकू यायची, ती नेहमी एकच असायची. आजच्यापुरतं बळ दे, उद्याचं उद्या मागते.

मग एका रविवारी तू चर्चमधून घरी न येता डबा घेऊन त्याच हॉस्पिटलात गेलीस. पप्पा तिथे दाखल असताना तुला तो वॉर्ड दिसला होता. कुणाची बोटं गेलेली, कुणाचा पंजा. सगळी लांबून आलेली पोरं, जवळ आई नाही, बायको नाही. तू वरण-भात न्यायचीस, बसायचीस आणि बटण एका हातानं कसं लावायचं ते दाखवायचीस. कुणी म्हटलं तर प्रार्थना करायचीस, नाही म्हटलं तर नाही. परभणीकडची एक म्हातारी आपल्या मुलाच्या उशाशी बसलेली असायची. तिनं तुला पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं, "बाई, आमी जयभीमवाली माणसं हाव. आमचा धरम ठरलेला हाय." तू डबा उघडत म्हणालीस, "माझाबी ठरलेला हाय, म्हणून तर आले. वरण गरम हाय तवर घ्या." म्हातारीनं ताट पुढे केलं. घरी येऊन हे तू आम्हाला नक्कल करून सांगितलंस.

पण पुढे कुणीतरी तक्रार केली, की एक ख्रिश्चन बाई येऊन लोकांना बाटवते. हॉस्पिटलच्या साहेबांनी तुला ऑफिसात बोलावलं. मी बरोबर होते. त्यांनी तुझी पिशवी बघितली, त्यात तुझं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल होतं. ते म्हणाले, उद्यापासून यायचं नाही. तुझा चेहरा उतरला, पण तू वाद घातला नाहीस. तू एवढंच विचारलंस, "शास्त्र मी घरी ठेवते. त्यातलं जे करायचं ते पाठ आहे मला. डबा तरी आणू का?" ते काही बोलायच्या आत ती परभणीची म्हातारी दार ढकलून आत आली. कुणीतरी तिला सांगितलं असणार. तिनं साहेबांना ऐकवलं, की ही बाई आल्यापासून माझं लेकरू स्वतःच्या हातानं शर्ट घालतंय, आमी व्हतो तेच हाव, हिनं आमचं काय बी बदललं न्हाई, आता हिला बंद करायचं तर आधी आमचं नाव काढा वॉर्डातून. साहेबांनी हात जोडले. तू पुढच्या रविवारी पुन्हा गेलीस, पिशवीत फक्त डबा. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला होता, की रस्त्यात तुझा हात धरून चालले. नववी-दहावीच्या मुली आईचा हात धरत नाहीत, तरी.

पप्पा अजून घरातच होते. जेवायचे, बोलायचे, पण उंबरा ओलांडत नव्हते. एकदा तू हॉस्पिटलातून परत आलीस. डबा तसाच भरलेला. पप्पांनी विचारलं तेव्हा म्हणालीस, एक नवा मुलगा आलाय, उजवा हात गेलाय, कुणाशी बोलत नाही, पाणीसुद्धा घेत नाही. "माझं त्याच्यावर काही चालत नाही हो. तो माझ्या हातांकडं बघतो. माझे दोन्ही आहेत." बस, इतकंच. तुम्ही जा म्हणाली नाहीस.  पप्पा उठले, खुंटीवरचा शर्ट काढला, एकेक बटण लावलं आणि चपला पायात सरकवल्या. तुझ्या हातातली पिशवी त्यांनी डाव्या हातात घेतली. आपण तिघं रिक्षानं गेलो. त्या मुलाच्या खाटेवर पप्पा बसले, डबा उघडला आणि आधी स्वतः एक घास खाल्ला. थोडं सांडलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. मुलगा बघत होता. मग पप्पांनी डबा त्याच्याकडे सरकवला, आणि त्यानं हात घातला.

त्या दिवसापासून ते काम पप्पांचं झालं आणि तू त्यांची मदतनीस. पुढे त्यांना एका कंपनीत स्टोअरला नोकरी लागली, चर्चलाही यायला लागले. पण मला वाटतं ते आपल्यात त्या खाटेवरच परत आले होते.

तू गेलीस तेव्हा दफनभूमीत मी ओळखत नव्हते अशी कितीतरी माणसं आली होती. चाकणहून, महाळुंग्याहून, काही शिफ्ट सोडून कंपनीच्या गणवेशात. जे हात राहिले होते त्या हातांनी त्यांनी तुझी पेटी उचलली. पाळकसाहेबांना शेवटची प्रार्थना पूर्ण करता आली नाही. पप्पांनी ती पूर्ण केली.

आता माझी पाळी आहे, आई. नवऱ्याच्या किडन्या गेल्या, त्याची कंपनी आता किती दिवस सांभाळून घेईल माहीत नाही, मुलगी बारावीत. सकाळी शाळेत शिकवते, दुपारी सेंटरला जाते. पूर्वी मला वाटायचं, तुझ्यासारखी श्रद्धा जन्मतः असावी लागते. आता कळतंय, तूसुद्धा ती रोज सकाळी पीठ चाळताना नव्यानं मागून घेत होतीस. आज त्या बाईला मी हेच सांगितलं. तिनं माझा धर्म विचारला नाही. निघताना म्हणाली, परवा याल ना? आणि मला बऱ्याच दिवसांनी असं वाटलं की मी तिथे फक्त नवऱ्यासाठी जात नाहीये.

हे लिहिलेलं कुठे पाठवणार? आणि पाठवायची फारशी गरजही नाही. एक गोष्ट पाळकसाहेबांना सांगितलेली नाही, तुला सांगते. मी प्रार्थनेला बसते, डोळे मिटते, हे प्रभू म्हणून सुरुवात करते, आणि दुसऱ्या वाक्याला तुझ्याशीच बोलायला लागते. मध्येच लक्षात येतं. पण मी थांबत नाही.