लेथवाल्यांच्या गल्लीची शटरं

३ मार्च, सोमवार
येणार! पंपवाली कंपनी कारखान्यासाठी जागा बघायला येणार! बारा तारखेला. नगरपालिकेच्या उद्योग कक्षाने — म्हणजे मी, एक टेबल आणि एक करकरणारं कपाट — दोन वर्षांत सत्तेचाळीस पत्रं पाठवली. पहिल्यांदाच कुणीतरी "येतो" म्हणालं. साहेबांनी पत्र तीनदा वाचलं.

नवऱ्याला फोन केला. हा तिकडे, बारा तासांवर, कारखान्यात फिटर. सात वर्षं झाली. म्हणाला, "चांगलं आहे. पण एकतीस तारखेच्या आत पोरीच्या शाळेचा अर्ज भर." ठरलेलंच आहे. इथे काही आलं नाही, तर आम्ही दोघी तिकडे जायचं. सासरे येणार नाहीत. ते आणि त्यांचं लोखंड कातायचं लेथ मशीन, दोघंही जागचे हलत नाहीत.

५ मार्च, बुधवार
मीटिंग. साहेबांचे हुकूम — रस्ते झाडा, खांब रंगवा, कुत्री हटवा. (कुत्र्यांना कोण सांगणार?) मीही अक्कल पाजळली. पाहुण्यांच्या वाटेवरच लेथवाल्यांची गल्ली. तेल, लोखंडाचा चुरा, ठोकाठोकी! त्या दिवशी शटरं बंद ठेवू म्हटलं. साहेब म्हणाले, "याला म्हणतात डोकं!" मी फुगले.

८ मार्च, शनिवार
चिठ्ठ्या मीच वाटल्या. पंधरावं शटर सासऱ्यांचं. सोळावं कधीचंच रिकामं. त्यांनी चष्मा वर करून चिठ्ठी वाचली. "आमची लाज वाटते तुला?"
"तसं नाही हो, बाबा."
"मग कसं?"
मी उरलेल्या चिठ्ठ्या पिशवीत कोंबल्या. जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

१२ मार्च, बुधवार
उशीर झालाय, तरी लिहितेच.

तिघं आले. मुख्य एक इंजिनिअर बाई — पांढरे केस, पायात जाड बूट. जमीन, पाणी, वीज, सगळ्याला नुसतं "हं". साहेबांचं भाषण चालू असताना घड्याळ बघत होत्या. परतताना गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली. रस्ता चकाचक, शटरं बंद, चिटपाखरू नाही. म्हणाल्या, "जमीन कुठेही मिळते हो. मशीन बिघडलं तर हात लावणारं कोण आहे इथे? गाव झोपलेलं दिसतंय."

साहेब म्हणाले, "शांतता आहे, मॅडम. एकदम शांतता!"

मला राहवेना. "झोपलेलं नाही. आम्हीच बंद ठेवलंय, तुम्हाला तेल नि चुरा दिसू नये म्हणून. कल्पना माझी. चुकलं." साहेब मला कच्ची खातील असं वाटलं. बाई हसल्याच. "उघडा की मग!"

सासऱ्यांना फोन केला. "बाबा, शटर उघडा. चुकलं माझं."
"सगळ्यांसमोर म्हणतेस?"
"हो, सगळ्यांसमोर!"

त्यांनीच बाकीच्यांना बोलावलं. पंधरा मिनिटांत गल्ली दणाणली. बाईंनी पिशवीतून पंपाचा झिजलेला दांडा काढला. प्रत्येक गावात म्हणे हाच दाखवतात. सासऱ्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "एकाच बाजूने घासलाय. नवा करून देईन, पण बेअरिंग वाकडं बसवलंत तर तोही जाईल." बाईंनी वही काढली. तासभर हलल्या नाहीत. जाताना मात्र ना 'हो' म्हणाल्या, ना 'नाही'.

१३ मार्च, गुरुवार
साहेब बोलत नाहीत. सासरे बोलतात. सकाळी माझा चहा त्यांनी केला!

२१ मार्च, शुक्रवार
पत्र नाही. याचा फोन — "अर्ज भरलास?" त्या दिवशीचं सगळं सांगितलं, माझ्या मूर्खपणासकट. नुसतं "बरं" म्हणाला आणि ठेवला. बरं काय बरं! इतका राग आला.

२७ मार्च, गुरुवार
अर्ज भरला. पोरगी म्हणाली, "मग आजोबांबरोबर कोण जेवणार?" मोरीत जाऊन रडून घेतलं. उद्या टपालात टाकते.

२८ मार्च, शुक्रवार
हो! हो! हो म्हणालेत! सुरुवातीला साठ माणसं घेणार आणि त्यांना शिकवायला गल्लीतलेच कारागीर. साहेब सगळ्यांना सांगत सुटलेत, "शटरं उघडायची कल्पना आमचीच." सांगू देत. अर्ज फाडला, चार तुकडे केले. याला दहादा फोन लावला. बंद. एवढी बातमी आणि फोन बंद!

२९ मार्च, शनिवार
सकाळी दार उघडलं तर हा! दोन बॅगा, गुंडाळलेली गादी. पत्राचं सांगितलं तर बघतच राहिला. याला ठाऊकच नव्हतं.

"मग आलास कसा?"

"तू लोकांसमोर 'चुकलं' म्हणालीस हे फोनवर ऐकलं ना, तेव्हाच वाटलं, इथे आता काहीतरी होणार. दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला."

"आणि कंपनी नसती आली तर?"

"बाबांच्या शेजारचं सोळावं शटर रिकामंच आहे की."